खिशातली कात्री

व्यालेली घोडी पहिल्या काही मिनिटांत एक आवाज काढते. तो खिंकाळण्यासारखा नसतो आणि नाकपुड्या फुरफुरवल्यासारखाही नसतो. ओठ मिटलेलेच असतात आणि छातीतून एक खोल, थरथरता हुंकार निघतो, इतका हलका की वारा असला तर दहा पावलांवरच्या माणसाला तो ऐकूही येत नाही. खुराकाची बादली दिसली की घोडी याच जातीचा आवाज काढते खरा, पण तो आखूड आणि अधीर असतो. शिंगरासाठीचा हुंकार ती मान मागे वळवून, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा काढत राहते. जनावरांची डॉक्टर म्हणून काम करायला लागल्याला मला पंचवीस वर्षे होतील, आणि अजूनही हा आवाज कानावर पडेपर्यंत मी विणाऱ्या घोडीपासून हलत नाही.

शेवटचा तो ऐकला यंदाच्या माघात, भोरच्या बाजूला, भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत उतरलेल्या एका धनगर वाड्यावर. दिवाळी झाली की माणदेशातून आणि नीरा-भीमेच्या पट्ट्यातून ही कुटुंबे मेंढरे घेऊन पश्चिमेकडे सरकतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी रात्री मेंढरे बसवतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. पुरुष मेंढरांमागे असतात. बिऱ्हाड मोडायचे, ते घोड्यांवर लादायचे आणि पुढच्या मुक्कामावर नेऊन पुन्हा मांडायचे, ही कामे बायकांची, त्यामुळे घोड्यांची खरी जाणही त्यांच्याकडेच असते. त्यांची ही घोडी भीमथडी, म्हणजे भीमेच्या थडीवरची. मराठ्यांच्या घोडदळातल्या या काटक जातीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पण कोणत्याही नोंदीची वाट न पाहता तिला इतकी वर्षे जगवले ते तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादून चालणाऱ्या या बायकांनी, असे मला वाटते.

घोडीचे नाव हरणी. रंगाने कुमैत, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. वाड्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजींनी तिला लहानाची मोठी केली होती. मागच्या वेताला तिचे शिंगरू जन्मतानाच मेले होते, म्हणून या वेळी आजींच्या नातवाने आधीच फोन करून ठेवला होता. सडांच्या टोकांना मेण आले आहे, असे त्याने सांगितले, तेव्हा मी संध्याकाळीच निघाले. मेण म्हणजे चिकाचेच सुकलेले थेंब. ते दिसले की बहुतेक घोड्या एका रात्रीत किंवा फार तर चार दिवसांत वितात.

मागच्या वेळी काय झाले, ते आजींनी शेकोटीपाशी सांगितले. "लाल पिशवी आली म्होरं. मखमलीवानी. मी म्हनलं, निघंल आपसूक, आजवर निघालंच की. हात लावला न्हाई. गप बसले." त्या एवढेच बोलल्या आणि लाकूड पुढे सारत राहिल्या.

मला ते ऐकून वाईट वाटले, कारण त्यांची सवय अगदी बरोबर होती आणि फक्त त्या एका प्रसंगी ती चुकीची ठरली होती. घोडीची पाणमोट फुटली की पाणी वाहते, आणि मग जो पडदा दिसतो तो पांढरट, निळसर झाक असलेला, आरपार दिसणारा असतो. त्याच्या आत शिंगराचा एक पुढचा पाय, त्याच्या थोडा मागे दुसरा पाय आणि त्या दोहोंवर टेकलेले नाक असते. पडद्याऐवजी मखमलीसारखे लाल काही पुढे आले, तर याचा अर्थ असा की वार गर्भाशयापासून आधीच सुटली आहे आणि शिंगराला नाळेतून मिळणारा प्राणवायू तुटत चालला आहे. तेव्हा हाती मिनिटे उरलेली असतात. ती लाल पिशवी जागच्या जागी कापायची आणि शिंगराला बाहेर ओढायचे. डॉक्टरची वाट पाहायला वेळ नसतो. म्हणून त्या रात्री माझ्या कोटाच्या उजव्या खिशात कात्री होती, आणि मी नातवालाही ती कशी चालवायची ते दाखवून ठेवले होते.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, पण नेमका दिवस सांगता येत नाही. ३२० दिवसांपासून ३६५ दिवसांपर्यंत काहीही घडू शकते. वेळ मात्र बहुधा रात्रीची असते. कळांच्या पहिल्या टप्प्यात तिला स्वतःला आवरून धरता येते, आणि भोवती माणसांची वर्दळ असेपर्यंत ती तसे करते. उघड्या माळावर राहणाऱ्या, पळणे हाच बचाव असणाऱ्या जनावराला विण्यासाठी अंधार आणि शांतता लागावी, यात नवल नाही. तरुणपणी पुण्याजवळच्या एका घोडेपैदास केंद्रावर मी रात्रपाळीला होते. तिथे शर्यतीच्या घोड्यांची शिंगरे जानेवारी ते मेच्या दरम्यान जन्मत, आणि तिथले जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, सांगत की चहा प्यायला म्हणून तुम्ही पाच मिनिटे बाजूला गेलात की घोडी तेवढ्यात विते. मी तीन वेळा हे अनुभवले आहे.

हरणी मध्यरात्रीनंतर अस्वस्थ झाली. कोपरांच्या मागे आणि मानेवर घाम आला, ती कुशीकडे वळून पाहू लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. आजींनी शेकोटीवर माती टाकायला लावली आणि कुत्री लांब नेऊन बांधली. पाणी फुटले तेव्हा दोन वाजायला आले होते. इथून पुढे घोडीला थांबता येत नाही. गाईला याच टप्प्याला तास-दोन तास लागले तरी चालते, घोडीचे मात्र वीस-पंचवीस मिनिटांत सुटायला हवे, आणि अर्धा तास उलटला तर काहीतरी अडले आहे असेच समजायचे. मी टॉर्च हाताच्या ओंजळीत झाकून तिच्या मागे गेले. पडदा पांढरा होता.

माझा हात खिशावर होता, तो तसाच राहिला. आजींना मी फक्त "पांढरी आहे" एवढे सांगितले. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

शिंगरू बाहेर आले ते अर्धेच. खांदे आणि छाती गवतावर, मागचे पाय अजून आईच्या पोटात. दोघीही (ते मादी शिंगरू होते, हे नंतर कळले) तशाच पडून राहिल्या. पडदा नाकावरून आपोआप फाटून गेला होता. तो तसा गेला नाही तर तेवढा बाजूला करावा लागतो. अंगातून वाफ निघत होती. खुरांच्या टोकांना ओल्या रबरासारखी, मऊ, पिवळट बोटे लोंबत होती. हे अस्तर पोटात असताना आईला खुरांची धार लागू नये म्हणून असते, आणि शिंगरू उठून चालायला लागले की दिवसाभरात झिजून जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते एखादे व्यंग वाटते. नातू घाबरलाच. त्याने शिंगराचे पाय धरून ओढायला हात पुढे केला, तेव्हा आजी अंधारातून म्हणाल्या, "हात लावू नगंस. बाळंतिणीपाशी गर्दी करत्यात व्हय? तिचं ती बघंल आता."

ही पंधरा-वीस मिनिटे फार मोलाची असतात, आणि माणसाला ती सोसवत नाहीत. नाळ अजून जोडलेली असते. आई उठते किंवा शिंगरू धडपडते, तेव्हा पोटापासून दोन-तीन बोटांवर एक नाजूक जागा असते तिथे ती ताणून तुटते, आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त वाहत नाही. कात्रीने कापलेली नाळ इतकी नीट मिटत नाही. दरम्यान कळांनी थकलेली आई पडून विसावा घेते, शिंगराचा श्वास मार्गी लागतो, ते छातीवर सरळ बसते, कान हलवते, जीभ बाहेर काढून हवेतच चोखायला सुरुवात करते. आणि घोडी मान वळवून तो पहिला हुंकार काढते. हरणीने तो काढला. मागच्या वेताला तो काढायला कुणी समोर नव्हते.

ही थांबण्याची अक्कल मला उपजत नव्हती. पैदास केंद्रावर असताना, चोवीस वर्षांची असताना, पहिलटकरीण घोडीचे एक शिंगरू माझ्या पाळीत जन्मले. मला वाटले, जितके लवकर आणि जितके जास्त करू तितके चांगले. मी ते ओढून बाहेर काढले, नाळ तुटली, जंतुनाशकाच्या पाण्यातून पिळलेल्या टॉवेलांनी त्याला खसखसून पुसले आणि वजन करायला शेजारच्या खोलीत नेले. कोरडे, चमकदार, देखणे शिंगरू! परत आले तेव्हा घोडी उठून उभी होती. ती गव्हाच्या काडावरच्या त्या ओल्या जागेपाशी नाक लावून उभी होती, तो ओलावा चाटत होती आणि त्या ओल्या काडाकडे बघून हुंकारत होती. मी शिंगरू तिच्यापुढे आणले. तिने ते हुंगले, कान मागे टाकले, किंचाळली आणि लाथ झाडली. तिच्या लेखी तिचे मूल त्या काडात होते, आणि मी आणलेले हे औषधाच्या वासाचे जनावर परके होते.

वारेतले उरलेले पाणी शिंगराच्या अंगाला फासून, घोडीला दोन माणसांनी धरून, दर तासाला त्याला कासेला लावून, दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही ते नाते पुन्हा जुळवले. जुळले. पण वीस मिनिटांच्या उतावळेपणाने मी जे तोडले होते, ते जोडायला दोन दिवस लागले, आणि त्यातही थोडे दैव होते. पहिलटकरीण घोड्या शिंगराला नाकारण्याची शक्यता मुळातच जास्त असते; त्यांतल्या काही शिंगराला घाबरतात, काहींना दुखऱ्या कासेला स्पर्श सोसत नाही, आणि थोड्या खरोखरच चावायला धावतात. मी तिला नाकारायला कारण पुरवले होते.

पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या सेव्हरीन आंरी, मार्टिन ओसबर्जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले काम वाचले, तेव्हा ते काड पुन्हा डोळ्यांपुढे आले. त्यांनी काही शिंगरांना जन्मल्याबरोबर फक्त एक तास आईपासून वेगळे करून हाताळले, आणि बाकीच्यांना आईपाशी निवांत राहू दिले. पुढे त्यांना कळपातच, वयात येईपर्यंत न्याहाळले. ज्यांचा तो पहिला तास माणसांनी घेतला होता, ती शिंगरे आईला अधिक चिकटून राहिली, कमी खेळली, आणि मोठी झाल्यावरही इतरांत मिसळायला बिचकत राहिली किंवा अंगावर जात राहिली. एका तासाची ही किंमत. शिंगराला माणसाची सवय लागावी म्हणून जन्मल्याबरोबर त्याच्या अंगभर हात फिरवण्याची पद्धत एके काळी फार बोलबाल्याची होती. मला ती तेव्हाही पटत नव्हती असे म्हणायला आवडले असते, पण तेव्हा ती मला पटत होती.

हरणी उठली तेव्हा नाळ तुटली. मी जवळ जाऊन नाळेच्या टोकाला औषध लावले आणि लगेच मागे आले. एवढेच माझे काम. ती वळली आणि प्रथम जमिनीवरचे पाणी हुंगले, मग मान उंच करून वरचा ओठ उलटवला, दात दिसले, आणि काही क्षण ती डोळे अर्धवट मिटून तशीच उभी राहिली. असे करताना घोडी तो वास नाकाच्या आतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवत असते. मग ती शिंगराकडे आली आणि चाटू लागली. गाय बऱ्याचदा वारही खाऊन टाकते, घोडी सहसा तिला तोंड लावत नाही. तिचे सगळे लक्ष त्या ओल्या अंगावर असते. चाटण्याने अंग कोरडे होते, रक्त खेळते, पण त्याहून मोठे काम म्हणजे ती त्याची ओळख घेत असते. साधारण पहिल्या तासाभरात घोडी आपल्या शिंगराचा वास असा पक्का करते की त्यानंतर दुसरे शिंगरू तिच्या कासेपाशी फिरकू शकत नाही.

शिंगराचे उठणे हा वेगळाच अध्याय. जन्मताच त्याचे पाय इतके लांब असतात की ते कुठे ठेवायचे हेच त्याला उमगत नाही. आधी पुढचे पाय लांब फेकायचे, मग मागचा भाग उचलायचा, मग चारही पाय चार दिशांना जाऊन नाकावर आपटायचे. चार वेळा, पाच वेळा. हरणी दर वेळी हुंकारायची आणि एक पाऊल मागे घ्यायची, म्हणजे शिंगराला पडायला जागा मिळे. कुणीही ते बघून मदतीला धावेल. पण त्या पडण्या-उठण्यातच स्नायू तापतात आणि तोल कळतो, आणि धरून उभे केलेले शिंगरू हात काढला की पुन्हा पडतेच. तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत आईची वार पडावी, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब असतो. हरणीची लेक पन्नासाव्या मिनिटाला उभी राहिली आणि उभी राहिलेलीच राहिली.

आता तिला कास शोधायची होती. ती कुठे आहे हे शिंगराला ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की काहीतरी मोठे आहे, त्याच्या खाली सावलीसारखे अंधारे आहे, आणि त्या अंधाराच्या कडेला नाक खुपसायचे आहे. म्हणून बंदिस्त पागेत ते पुष्कळदा भिंतीचा कोपराच चोखत बसते. इथे भिंत नव्हती. तिने आईची छाती चोखली, पुढच्या दोन पायांमधली जागा चोखली, पोटाच्या कडेने नाक घासत गेली, कोपरापाशी अडकून परत फिरली, एकदा तर शेजारी लादून ठेवलेल्या घोंगड्यांचा ढीगही चोखून पाहिला. हरणी तीन वेतांची जाणती. ती अंग वळवून उभी राहिली आणि शिंगरू कुशीपाशी आले की त्या बाजूचा मागचा पाय जरा मागे टेकवून कास मोकळी करायची. मध्येच नाकाने शिंगराच्या ढुंगणाला हलकेच पुढे सारायची. पाऊण तास हे चालले होते. मला एका पावलाने ते संपवता आले असते. शिंगराचे तोंड धरून सडाला लावायचे, बस. मी आजींकडे पाहिले. त्या बघत होत्या, पण हलत नव्हत्या. दोन तास व्हायला अजून वेळ होता.

मग चोखण्याचा आवाज आला. जिभेची पन्हाळ करून सड धरल्यावर येणारा तो ओला, लयीतला आवाज, आणि पाठोपाठ शिंगराच्या आखूड केसाळ शेपटीचे वर-खाली हलणे. आजी म्हणाल्या, "चीक गेला पोटात. जगलं."

आपल्याकडे चीक म्हटले की खरवस आठवतो, पण शिंगराच्या बाबतीत चीक म्हणजे शब्दशः जीव. माणसाच्या वारेतून आईची प्रतिकारद्रव्ये बाळाच्या रक्तात जन्माआधीच उतरतात. घोडीच्या वारेत आईचे आणि गर्भाचे रक्त यांमध्ये पेशींचे सहा थर असतात आणि त्यांतून ही मोठी प्रथिने पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे शिंगरू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाशिवाय जगात येते, शेणामातीत पडते, आणि ते संरक्षण त्याला फक्त चिकातूनच मिळते. आतड्यांची ही मोठी प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेण्याची क्षमता पहिल्या सहा ते बारा तासांत चांगली असते, पुढे घटत जाते आणि साधारण चोवीस तासांत बंद होते. नंतर कितीही चीक पाजला तरी तो नुसते अन्न ठरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही रक्त तपासतो. एका डेसिलीटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर प्रतिकारद्रव्ये असली म्हणजे निर्धास्त व्हायचे. मोठ्या केंद्रांवर भरपूर चीक असलेल्या घोड्यांचा पेलाभर चीक काढून गोठवून ठेवतात, आई दगावलेल्या किंवा कोरड्या राहिलेल्या शिंगरांसाठी.

शिंगरू पिते आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण मोतद्दारांनी मला शिकवली, ती मी आजवर प्रत्येक ठिकाणी सांगत आले आहे. शिंगराच्या कपाळावर दूध सांडलेले दिसले तर सावध व्हायचे. शिंगरू कासेखाली जाते, आईला पान्हा फुटतो, धारा गळतात, पण ते सड धरत नाही, नुसते उभे राहते, आणि दूध डोक्यावर पडते. लांबून पाहणाऱ्याला वाटते की पिते आहे. बारा तासांत ते इतके अशक्त होते की उठत नाही.

अशी शिंगरे खरोखर असतात. जन्मतात चांगली, उभीही राहतात, पण आईत त्यांना रस नसतो. भटकतात, भिंतीला डोके लावून उभी राहतात, चोखणे विसरतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या पीटर रॉसडेल या घोड्यांच्या डॉक्टरांनी नवजात शिंगरांच्या बारकाईने नोंदी घेतल्या. या अवस्थेचे कारण बराच काळ प्राणवायूची कमतरता हेच मानले गेले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन मॅडिगन यांनी एक वेगळा विचार मांडला. पोटात असताना शिंगराने लाथा झाडू नयेत म्हणून काही संप्रेरके त्याला गुंगीत ठेवतात, आणि जन्ममार्गातून येतानाचा दाब त्याला जागे होण्याची खूण देतो. सुटका फार झटकन झाली, तर कदाचित ती खूणच पोचत नाही आणि शिंगरू बाहेर येऊनही पोटात असल्यासारखेच राहते. त्यावरचा उपाय म्हणजे मऊ दोराचे वेढे छातीभोवती घालून वीस मिनिटे दाब ठेवायचा. मी हे एकदा स्वतः केले आहे. दोर ताणताच शिंगराने मान टाकली, पाय दुमडले आणि ते गाढ झोपले, इतके की मला स्टेथोस्कोप लावून पाहावे लागले. वीस मिनिटांनी दोर सोडला. ते उठले, इकडेतिकडे पाहिले, आईच्या हुंकाराकडे वळले आणि दहा मिनिटांत कासेला लागले. सगळ्याच शिंगरांना याचा गुण येत नाही, आणि बरगडी मोडलेली असेल तर हे करायचेच नसते. पण त्या एका शिंगराचा दुसरा जन्म मी माझ्या हातांनी झालेला पाहिला, आणि तिथेही माझ्या हाताने एवढेच केले होते की आईच्या पोटाने अर्धवट सोडलेले काम पुरे केले.

साडेचारच्या सुमाराला हरणीची वार पडली. मी ती पोत्यावर पसरून टॉर्चच्या उजेडात तिच्या दोन्ही शिंगांची, म्हणजे गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसणाऱ्या भागांची, टोके पुरी आहेत ना ते तपासले. गाईची वार दोन दिवस अडकली तरी ती बहुधा तग धरते. घोडीच्या पोटात तळहाताएवढा तुकडा राहिला तरी जंतुसंसर्ग होऊन ती पायांतून जाते, कधी जिवानिशी जाते.

उजाडल्यावर मी बॅग उचलून निघाले आणि शिंगरू माझ्या मागे चालू लागले. तीन पावले, चार पावले, मान पुढे काढून, अगदी विश्वासाने. हरणी एका झेपेत मध्ये आली, कान मागे, आणि तिने स्वतःच्या अंगाने शिंगराला वळवून घेतले. मला तिचा राग आला नाही हे सांगायलाच नको. आईला लेक तासाभरात कळते, लेकीला आई कळायला मात्र दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर शिंगराचा एकच नियम असतो: जे मोठे आहे आणि हलते आहे, त्याच्या मागे जायचे. हरीण आपले पाडस गवतात दडवून चरायला जाते, गाय वासराला झुडपाआड ठेवते. घोडी लपवत नाही, बरोबर नेते. म्हणून शिंगराला पहिल्याच दिवशी चालता यावे लागते, आणि म्हणूनच पहिले दोन दिवस आई इतर घोड्यांना, कुत्र्यांना, माणसांना जवळ येऊ देत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या मागे गेले तर हरवेल.

या ओळखीत रक्ताचे नाते कुठेच येत नाही, याचा मी पुष्कळदा विचार करते. मे २०२३ मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर इथल्या शाखेत भ्रूण प्रत्यारोपणातून एक मारवाडी शिंगरू जन्मले; २३ किलो वजनाच्या त्या मादी शिंगराचे नाव राज-प्रथमा ठेवले. तिचा भ्रूण एका घोडीचा, आणि तिला वाढवून जन्म दिला दुसऱ्या घोडीने. त्या दुसरीच्या दृष्टीने काही दुसरे-तिसरे नाही. तिच्या पोटातले पाणी, तिने चाटलेले अंग, तिचे मूल. याउलट पोरक्या शिंगराला परक्या घोडीच्या ओटीत घालायचे असते तेव्हा तिच्या नाकपुड्यांना विक्स चोळणे, तिच्या मेलेल्या शिंगराची वार किंवा कातडे पोरक्याच्या पाठीवर पांघरणे, असे उपाय करावे लागतात, म्हणजे नाकाची समजूत घालावी लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरक्याच्या शेणाला तिच्याच दुधाचा वास यायला लागतो आणि मग बहुधा ती त्याला आपले म्हणते.

तिसऱ्या दिवशी मी नाळ बघायला पुन्हा वाड्यावर गेले, तर बिऱ्हाड हलत होते. रान बसवून झाले होते, पुढच्या गावाचा शेतकरी वाट पाहत होता. हरणीचे ओझे दुसऱ्या दोघींवर वाटले होते. तिच्या पाठीवर नुसते घोंगडे. एका घोडीच्या पाठीवर भांड्यांच्या वर पाटीत कोंबड्या आणि कालच जन्मलेली दोन कोकरे. ती घोडीही कुमैत, हरणीच्याच उंचीची, आणि ती आधी निघाली.

शिंगरू तिच्या मागे गेले. दहा-बारा पावले गेले असेल. नातू पुढे व्हायला लागला, आजींनी त्याच्या दंडाला धरले. हरणी जागची हलली नाही. तिने मान जराशी खाली केली आणि ओठ न उघडता तो आवाज काढला, एकदाच. शिंगरू थांबले. कान आधी वळले, मग मान, मग ते सगळे लांब पाय. दोन घोड्यांमधून, कुत्र्याला ओलांडून, कुठेही न हुंगता, न अडखळता ते सरळ आले, हरणीच्या कुशीत शिरले आणि कासेला ढुशी दिली.

सगळा तांडा तेवढा वेळ थांबला. शिंगराने तोंड बाहेर काढले तेव्हा आजींनी वाकून त्याच्याकडे पाहिले. हनुवटीवरच्या वळलेल्या मिशांना दूध लागले होते, कपाळ कोरडे होते. त्यांनी दोर हातात घेतला.